मोठ्या औषध कंपन्यांतून नेमकं काय गेलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएच.डी. संपवत आलो आहे. एका मोठ्या परदेशी औषध कंपनीत जाण्याची संधी दिसते आहे. माझे गाइड म्हणतात, तिथे आता संशोधन उरलेलं नाही, नुसती खरेदी-विक्री चालते. पण आकडे बघितले तर संशोधनावरचा खर्च वाढतोच आहे. मग खरं काय मानायचं? जावं की नाही?"

तुमचे गाइड आणि तुम्ही पाहिलेले आकडे, दोन्ही बरोबर आहेत. म्हणून प्रश्न थोडा वेगळा करून बघू. पैसा कमी झालेला नाही. फायझर किंवा मर्कसारखी कंपनी आज वर्षाला १० अब्ज डॉलरहून जास्त संशोधनावर घालते. लॅब चकाचक आहेत, उपकरणं आमच्या काळी स्वप्नातही नव्हती अशी आहेत. तरीही माझ्या पिढीतला कुणी जुना केमिस्ट भेटला, की दहा मिनिटांत म्हणतो, "ते दिवस गेले." म्हणजे जे गेलं ते पैशात मोजलं जात नाही. ते काय होतं, कसं गेलं आणि कुठे अजून शिल्लक आहे, हे कळलं तर तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

आधी माझी मर्यादा सांगतो. मी मेडिसिनल केमिस्ट, म्हणजे औषध होऊ शकतील असे रेणू बनवणारा. मुंबईतल्या एका संशोधन केंद्रात सुरुवात केली, मग अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढली, तिथे दोन विलीनीकरणं अंगावरून गेली, आणि आता पुण्यात परत येऊन लहान कंपन्यांना सल्ला देतो. म्हणजे माझा अनुभव गोळीच्या रूपात देता येणाऱ्या लहान रेणूंचा. लसींच्या किंवा जीन थेरपीच्या लोकांचं चित्र वेगळं असू शकतं. कंपनी तीच असली तरी साइट बदलली, बॉस बदलला की सगळं बदलतं, हेही ध्यानात ठेवा.

आता मूळ मुद्दा. संशोधनाची संस्कृती म्हणजे भिंतीवरची बोधवाक्यं किंवा शुक्रवारचा पिझ्झा नव्हे. माझ्या लेखी तिचे दोन पाय. पहिला पाय म्हणजे आठवण: कुठला रेणू कधी केला, तो का टाकला, कुणी काय पाहिलं, हे माहीत असलेली माणसं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणं. दुसरा पाय म्हणजे मोकळीक: कुणी विचारलेलं नसताना "हे काहीतरी विचित्र दिसतंय" असं सांगता येणं, आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी दोन आठवडे खर्च करता येणं.

आठवणीची गोष्ट आधी. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६४ साली इंग्लंडमध्ये वेल्विन गार्डन सिटीला, स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या लॅबमध्ये, पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या औषधाचं काम सुरू केलं. पोटात आम्ल सुटायला लावणाऱ्या हिस्टामीनला तिथे अडवणारा रेणू हवा होता. चार वर्षं गेली, सुमारे २०० रेणू झाले, हाती काही नाही. अमेरिकेतलं मुख्यालय कंटाळलं होतं. तेव्हा या मंडळींनी आपल्या चाचणीकडेच पुन्हा बघितलं आणि अगदी सुरुवातीला करून बाजूला ठेवलेला एक रेणू परत तपासला. त्यात किंचित अडवण्याचा गुण होता, तो आधी निसटला होता. त्या धाग्याला धरून पुढे जाता जाता १९७६ साली सिमेटिडीन बाजारात आलं. त्याआधी अल्सर म्हणजे कित्येकांच्या बाबतीत थेट शस्त्रक्रिया. १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल मिळालं. ज्यांनी तो जुना रेणू केला होता ती माणसं चार वर्षांनंतरही त्याच इमारतीत होती, त्याच प्रश्नावर होती. आज चार वर्षं रिकाम्या हाताने एका प्रश्नावर टिकलेली टीम मला दाखवा, मी स्वतः जाऊन त्यांना भेटेन.

मोकळिकीची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे. मुंबईच्या केंद्रात अ‍ॅनिमल हाउसमध्ये एक सहकारी होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. शिक्षण दहावीपर्यंत, पण उंदरांच्या पिंजऱ्यांमध्ये वीस वर्षं काढलेली. आम्ही सूज कमी करणाऱ्या रेणूंच्या एका मालिकेवर काम करत होतो. आकडे उत्तम येत होते. एके दिवशी मामा जिना चढून माझ्या फ्यूम हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कामाच्या कपाटापाशी, आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या त्या सतरा नंबरच्या पिंजऱ्यातली पाण्याची बाटली रोज संध्याकाळी रिकामी असते. बाकीच्यांची अर्धी सुद्धा संपत नाही." प्रोटोकॉलमध्ये पाणी मोजायचं कुठेच नव्हतं. आम्ही मूत्रपिंडं बघितली. ती मालिका तिथेच थांबली. मामा वर आले नसते, तर तो दोष दीड-दोन वर्षांनी, कितीतरी पैसा घातल्यावर, टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे विषारीपणाच्या तपासणीच्या, अहवालात सापडला असता. मला आजही वाटतं की त्या केंद्रातला सगळ्यात महत्त्वाचा संशोधनाचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता: मामांना जिना चढायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता या दोन पायांचं काय झालं ते बघा.

आठवण सगळ्यात जास्त मारली ती विलीनीकरणांनी. फायझरचाच क्रम घ्या: २००० साली वॉर्नर-लॅम्बर्ट, २००३ साली फार्माशिया, २००९ साली वायेथ. प्रत्येक खरेदीमागे एखादं मोठं औषध किंवा चांगला पोर्टफोलिओ होता, आणि प्रत्येक खरेदीनंतर साइट बंद झाल्या. कोलेस्टेरॉल कमी करणारं लिपिटॉर म्हणजे अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन जिथे जन्मलं ती मिशिगनमधली अ‍ॅन आर्बरची साइट बंद करत असल्याची घोषणा २००७ साली झाली. इंग्लंडमधल्या सँडविचच्या केंद्राने अ‍ॅम्लोडिपीन, बुरशीच्या संसर्गावरचं फ्लुकोनॅझोल आणि सिल्डेनाफिल (व्हायग्रा) दिलं. आपल्याकडे बीपीची गोळी घेणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या घरात अ‍ॅम्लोडिपीनची पट्टी असते. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथून बाहेर पडायचा निर्णय जाहीर झाला, सुमारे २,४०० नोकऱ्यांचा प्रश्न आला. त्याच दिवशी कंपनीने संशोधनाचा खर्च पुढच्या वर्षापर्यंत मोठ्या प्रमाणावर खाली आणण्याचं आणि ५ अब्ज डॉलरचे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्याचं जाहीर केलं. लिपिटॉरचं अमेरिकेतलं पेटंट त्याच वर्षाच्या शेवटी संपणार होतं, भागधारक धास्तावलेले होते, हे सगळं समजू शकतं. पण तीन-तीन पिढ्यांची एकत्र बसलेली माणसं एकदा पांगली, की नंतर कितीही पैसे ओतून ती आठवण परत जमत नाही. फायझरच्याच संशोधनाचे माजी प्रमुख जॉन लामॅटिना यांनी २०११ साली उघडपणे लिहिलं की विलीनीकरणांनी संशोधनाचं नुकसान केलं. हे बाहेरच्या टीकाकाराचं मत नव्हे, आतून बघितलेल्या माणसाचं आहे.

माझ्या कंपनीत दुसऱ्या विलीनीकरणानंतर सगळ्या रेणूंचे कोड बदलले. जुन्या लॅब नोटबुका खोक्यांत भरून दुसऱ्या राज्यातल्या गोदामात गेल्या. स्कॅन केलेल्या प्रती होत्या, पण नोटबुकीत केमिस्ट काय लिहितो तुम्हाला माहीत आहे: अभिक्रिया, टीएलसी (पदार्थ वेगळे करून बघायची चाचणी), यील्ड (किती माल हाती आला). हा रेणू आम्ही का सोडला, हे तो जेवताना सांगतो. आमच्याकडच्या एका हुशार मुलीने आठ महिने रेणूच्या एका सांगाड्यावर काम केलं. यकृतात जाऊन तो मोडतो आणि त्यातून घातक काहीतरी तयार होतं, हे आठ महिन्यांनी तिला कळलं. ते दुसऱ्या कंपनीच्या लोकांना सहा वर्षांपूर्वी माहीत होतं. त्यांच्यातला कुणीही आता इमारतीत नव्हता. तिला मी काय सांगणार होतो?

उलट उदाहरणही देतो, कारण त्याच फायझरचं आहे. २००२-०३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा त्यांच्या केमिस्टांनी विषाणूच्या प्रोटीएझला, म्हणजे त्याला वाढायला लागणाऱ्या एन्झाइमला, अडवणारा एक रेणू तयार केला होता. साथ ओसरली, काम बाजूला पडलं. २०२० साली कोविड आल्यावर तोच जुना धागा उचलला, जुलै २०२० मध्ये निर्मॅट्रेल्व्हिर पहिल्यांदा बनवलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये ते ज्यात आहे त्या पॅक्सलोव्हिड या गोळ्यांना अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली. दीड वर्ष! सतरा वर्षं जपून ठेवलेली आठवण आणि त्या प्रश्नावर मन लावून बसलेली माणसं एकत्र आली, की मोठी कंपनी काय करू शकते, हे याच्याइतकं स्पष्ट दुसरं कुठलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून "मोठ्या कंपन्यांत काही राहिलेलं नाही" हे तुमच्या गाइडांचं वाक्य मी जसंच्या तसं मान्य करणार नाही.

दुसऱ्या पायाकडे, म्हणजे मोकळिकीकडे येतो. इथे आपला, भारतातल्या केमिस्टांचा थेट संबंध आहे. २००० नंतर मोठ्या कंपन्यांनी रेणू बनवण्याचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली. हैदराबाद, बेंगळुरू, पुणे आणि चीनमधली शहरं. माणशी वर्षाचा दर ठरतो, त्याला एफटीई म्हणतात, आणि महिन्याला इतके रेणू द्यायचे असा हिशोब असतो. या कामाने हजारो मुलांना रोजगार दिला, हाताला सफाई दिली, मी त्याला कधीच नावं ठेवणार नाही. पण रेणू कशासाठी आहे हे बनवणाऱ्याला बहुतेक वेळा सांगितलं जात नाही.

मी अमेरिकेतून अशा एका कंत्राटी लॅबच्या भेटीला आलो होतो. आमचा एक रेणू चाचणीत फार छान चालत होता, पण दर वेळी वेगळे आकडे द्यायचा. तीन महिने आम्ही बायॉलॉजीवाल्यांशी भांडत होतो. लॅबमध्ये फिरताना तो रेणू बनवणारा मुलगा भेटला, नगरचा होता, मराठीत बोलायला लागलो तेव्हा मोकळा झाला. म्हणाला, "सर, तो ना, बाटलीत दोन दिवसांत गुलाबी व्हायचा." मी विचारलं, कळवलं का नाहीस? तो म्हणाला, "पाठवताना शुद्धता ९८ टक्के होती. फॉर्ममध्ये तेवढंच विचारलेलं होतं." हवेत ऑक्सिडेशन होत होतं आणि चाचणीत जे काही दिसत होतं, ते त्या ऑक्सिडेशनच्या पदार्थाचं होतं. मुलाने बघितलं होतं. हुशारही होता. त्याला जिना चढायला जागा ठेवलेली नव्हती.

मोकळीक गेली त्याचं दुसरं कारण निर्णय घेण्याची पद्धत. आमच्याकडे दर तिमाहीला प्रोजेक्टचा आढावा व्हायचा आणि प्रत्येक निकषासमोर लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका लावायचा. पद्धत वाईट नव्हती. प्रोजेक्ट वेळीच बंद करता यायला हवेत, हे मला मान्य आहे. पण ठिपक्यावर माणसांचा बोनस आणि नोकरी अवलंबून राहायला लागली, तेव्हा लाल ठिपका लावणारी माणसं कमी झाली. पिवळ्याला हिरवा म्हणायची सवय लागते. आणि ज्याला कुठलाच ठिपका नाही, ती विचित्र गोष्ट तर बैठकीत येतच नाही.

किट्रूडा या कॅन्सरवरच्या औषधाची कथा या संदर्भात प्रत्येक तरुण केमिस्टने माहीत करून घ्यावी. हे प्रतिपिंड (अँटीबॉडी) नेदरलँड्समधल्या ऑर्गेनॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या कामातून आलं. त्यांचं संशोधन ऑस गावात चालायचं. ऑर्गेनॉन २००७ साली शेरिंग-प्लाऊने घेतली, शेरिंग-प्लाऊ २००९ साली मर्कने घेतली. मर्कच्या यादीत हा प्रोजेक्ट बाहेरच्या कुणाला देऊन टाकायच्या गटात गेला होता. २०१० साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबच्या इपिलिमुमॅब या औषधाचे मेलानोमावरचे (त्वचेच्या कॅन्सरवरचे) निकाल आले, इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणं, खरोखर काम करते हे दिसलं, आणि मर्कने तो प्रोजेक्ट घाईने परत हातात घेतला. २०१४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. २०२३ मध्ये या एका औषधाची विक्री २५ अब्ज डॉलर होती. ऑसचं संशोधन बंद करायची घोषणा २०१० मध्येच झाली होती. ज्यांनी काम परत उचललं त्यांना मी श्रेय देतो, त्यांनी चाचण्या फार धडाडीने केल्या. पण स्पर्धक कंपनीचे निकाल दोन वर्षं उशिरा आले असते तर? कपाटातल्या अशा किती गोष्टी कुणी उघडल्याच नसतील, या विचाराने मला अजूनही बेचैन व्हायला होतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगतो: आठवण विलीनीकरणांनी आणि ले-ऑफनी तोडली, मोकळीक कंत्राटी कामाने आणि ठिपक्यांनी आखडली. पण सगळा दोष यांच्यावर टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

जॅक स्कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की महागाई वजा करून बघितलं, तर १ अब्ज डॉलरमागे मंजूर होणारी नवी औषधं १९५० पासून दर नऊ वर्षांना साधारण निम्मी होत आली आहेत. चिपची ताकद ठरावीक वर्षांनी दुप्पट होते, या संगणकवाल्यांच्या मूरच्या नियमातलं नाव (Moore) उलटं वाचून त्यांनी याला 'इरूमचा नियम' म्हटलं. म्हणजे घसरण त्या सोनेरी म्हणवल्या जाणाऱ्या काळातही चालूच होती. कारणं खरी आहेत. गरोदरपणी घेतल्यावर बाळांत व्यंगं आणणाऱ्या थॅलिडोमाइडनंतर १९६२ साली अमेरिकेत कायदा कडक झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. दुसरं, आज नव्या कोलेस्टेरॉलच्या गोळीला काही रुपयांत मिळणाऱ्या जुन्या स्टॅटिनशी (लिपिटॉरच्याच गटातल्या गोळ्यांशी) टक्कर द्यावी लागते. सोपे आजार आधी सुटले, उरलेत ते अल्झायमरसारखे. जुन्या काळातही एकसारखी औषधं काढण्यात भरपूर शक्ती वाया जायची, आणि लॅबच्या वरच्या मजल्यावर बाई दिसणं दुर्मीळ होतं. तो काळ जसाच्या तसा परत यावा असं मी म्हणत नाही.

मुंबईचा एक तुकडा सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण तुम्ही पुण्यात आहात आणि तुमच्या पिढीला हे कुणी सांगत नाही. गोरेगावला सिबा या स्विस कंपनीचं संशोधन केंद्र होतं, १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं, आणि प्रा. टी. आर. गोविंदाचारींसारखा मोठा केमिस्ट त्याचा संचालक होता. मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचं केंद्र होतं. तिथे आपल्याकडच्या वनस्पती पद्धतशीर तपासायचे. माईनमुळ्याच्या मुळांचं आपल्याकडे लोणचं घालतात. त्याच वनस्पतीच्या मुळांतून त्यांनी फोर्सकोलिन वेगळं काढलं. पेशीतलं अ‍ॅडेनिलेट सायक्लेझ हे एन्झाइम ते थेट चालू करतं, त्यामुळे जगभरच्या बायॉलॉजीच्या लॅबमध्ये आज फोर्सकोलिनची कुपी असते. गोरेगावचं केंद्र नंतर बंद झालं. मुलुंडचं १९९८ साली निकोलस पिरामलने घेतलं. परदेशातल्या मुख्यालयांच्या विलीनीकरणांचे हिशोब तिकडे झाले आणि त्याचे धक्के इकडे लागले. बेंगळुरूत अ‍ॅस्ट्राझेनेकाने टीबी आणि मलेरियावरचं केंद्र २०१४ साली गुंडाळलं, तेव्हाही तेच. टीबीने भारतात किती माणसं मरतात हे आपण जाणतो. ते केंद्र नफ्याच्या तक्त्यात बसत नव्हतं, बाकी त्यातली माणसं जगात कुठेही उभी राहतील अशी होती.

आता तुमचा मूळ प्रश्न: जावं का? माझं मत, पहिल्या पाच-सहा वर्षांसाठी जावं, पण साइट आणि ग्रुप बघून. मोठ्या कंपनीत औषध कसं बनतं याचा सगळा लांबरुंद रस्ता दिसतो: रेणूपासून प्राण्यांपर्यंत, प्राण्यांपासून माणसांपर्यंत. लहान कंपनीत तुम्हाला त्याचा एकच तुकडा दिसेल, पण तो तुमचा स्वतःचा असेल. हेपटायटिस-सीचं सोफोस्बुव्हिर फार्मासेट या लहान कंपनीतून आलं आणि गिलियडने ती कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे शोध बऱ्याचदा बाहेर लागतो आणि मोठी कंपनी तो विकत घेऊन रुग्णापर्यंत नेते. हे वाईटच आहे असं नाही. फक्त तुम्हाला यातल्या कुठल्या टोकाला उभं राहायचंय ते आधी ठरवा. घरची परिस्थिती, कर्ज, व्हिसा हे सगळं यात येतं आणि त्याबद्दल लाजायचं कारण नाही.

मुलाखतीला गेलात की पगार आणि पदाच्या पलीकडचे प्रश्न विचारा. "या ग्रुपमध्ये सगळ्यात जुना केमिस्ट किती वर्षं आहे?" उत्तर दोन वर्षं आलं, तर सावध व्हा. "तुमच्या रेणूंच्या चाचण्या याच इमारतीत होतात का? मी बायॉलॉजिस्टला जाऊन भेटू शकतो का?" असं विचारा. चाचणी हजारो मैलांवर होत असेल तरी बिघडत नाही, पण तिथल्या माणसाशी थेट बोलायची मुभा आहे का, ते नक्की विचारा. आणि एक प्रश्न मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारा: "गेल्या वर्षात इथे न विचारलेली कुठली गोष्ट कुणाच्या लक्षात आली आणि तिच्यामुळे काम बदललं?" ज्याच्याकडे खरं उत्तर असतं तो लगेच खुर्चीत पुढे सरकून बोलायला लागतो. मी बारा-पंधरा ठिकाणी हा प्रश्न विचारला आहे, आणि त्यानंतर कुठे काम करायचं याचा निर्णय मला कधी चुकलेला आठवत नाही.

कुठेही गेलात तरी एक सवय आजपासून लावून घ्या. नोटबुकीत अभिक्रिया संपली की खाली दोन ओळी जास्त लिहा: काय विचित्र दिसलं, आणि हा रेणू सोडला तर का सोडला. रंग, वास, स्फटिकाचा आकार, काहीही. माझ्या मुंबईच्या पहिल्या नोटबुकीत सतरा नंबरच्या पिंजऱ्याची ओळ अजून आहे, मामांनी सांगितली त्याच शब्दांत, तारखेसकट.